आठचा बोल्ट

माझ्या गाडीच्या इंजिनाला लागणारा बोल्ट कोल्हापुरातल्या एकाही हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही, आणि याला कारण पहिलं महायुद्ध आहे. बोल्ट तसा आठ मिलिमीटरचाच. आठचा बोल्ट म्हणजे बाजारातला सगळ्यात सामान्य माल, किलोवर मिळणारा. पण दुकानातल्या आठच्या बोल्टाचं पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर, सव्वा मिलिमीटर असतं आणि माझ्या इंजिनाचं एक मिलिमीटर. फरक पाव मिलिमीटरचा. दुकानातला बोल्ट हातानं फिरवला तर पहिला-दुसरा फेरा विनातक्रार आत जातो, मग जड होतो. तिथं पाना लावून जोर केला तरी तो जातोच. फक्त जाताना पाऊणशे वर्षांपूर्वी कापलेले आटे खरवडत जातो. त्यानंतर त्या भोकात कुठलाच बोल्ट धड धरत नाही.

“बसतंय म्हणून बसवायचं नसतंय, वैनी,” असं आमचे मिस्त्री म्हणतात.

हे पिच असं का, याची गोष्ट मोठी मजेची आहे. पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच शस्त्र कंपनीनं इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीला मशिनगनचा कारखाना काढला. युद्ध संपलं, मशिनगनला गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा त्याच यंत्रांवर मोटारींची इंजिनं व्हायला लागली. ती घेणारा मोटारी बनवणारा विल्यम मॉरिस. १९२३ मध्ये मॉरिसनं तो कारखानाच विकत घेतला. यंत्रं फ्रेंच, म्हणून मेट्रिक मापाची. ती बदलायची म्हणजे खर्च अफाट. मग आटे मेट्रिकच राहू दिले. पण इंग्लंडमधल्या गॅरेजवाल्याकडे मेट्रिक पाने कुठले असणार? त्याच्या पेटीत व्हिटवर्थ पाने, जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये बसवून दिलेल्या इंची मापांचे. तेव्हा बोल्टाचं डोकं त्या पान्यात बसेल असं केलं. धड फ्रान्सचं आणि डोकं इंग्लंडचं, असा हा संसार मॉरिसच्या घरात पुढे तीसेक वर्षं बिनबोभाट चालला, कारण सुटे बोल्टही कारखानाच पुरवत होता.

तिढा आमच्यासारख्यांच्या वाट्याला आला. व्हिटवर्थ पान्यावर कोरलेला आकडा पान्याच्या तोंडाचा नसतो, तो बोल्टाच्या जाडीचा असतो. आणि इथं तर बोल्टाची जाडी इंचात नाहीच. म्हणजे पान्यावरचा आकडा उपयोगाचा नाही, डोकं पाहून आट्यांचा बांधलेला अंदाज उपयोगाचा नाही, आणि कॅलिपरनं जाडी मोजून दुकानातून आणलेला बोल्टही उपयोगाचा नाही. ज्याला हे कुणी सांगितलेलं नाही तो कितीही हुशार फिटर असो, पहिल्याच दिवशी फसतो. माझ्या इंजिनाची दोन भोकं अशा कुणा हुशार माणसानं केव्हातरी मोठी करून त्यात इंची बोल्ट ठोकलेले आहेत. कोण तो, कधी केलं, काही कळायला मार्ग नाही.

माझी गाडीही मॉरिसच्याच घरातली, एम.जी. टी.सी. आहे, १९४८ सालची. युद्ध संपल्या संपल्या, १९४५ च्या अखेरीस ही गाडी ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडायला लागली आणि १९४९ पर्यंत बनत राहिली. सगळ्या मिळून दहा हजार. नवीकोरी होती तेव्हाही ती जुनाटच होती, हे तिच्या प्रेमिकांनी मान्य करायला हरकत नाही. पुढेमागे कमानपाटे, एकोणीस इंची तारांची चाकं, मागच्या बाजूला बिजागरी असलेली दारं, आणि पत्र्याच्या आत चक्क लाकडी सांगाडा. इंजिन १२५० सीसीचं, ताकद ५४ अश्वशक्ती. आजच्या एखाद्या साध्या हॅचबॅकमध्ये याहून जास्त असते. ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास तिचा दम संपतो, पण सत्तरला गेली तरी आत बसलेल्याला दीडशेचा भास होतो, कारण वारा तोंडावर, ढुंगण जमिनीपासून वीतभर, आणि स्टिअरिंग असं, की गाडी सरळ न्यायची तर हात सतत डावी-उजवीकडे हलवत ठेवावे लागतात. एवढं असूनही, किंवा एवढं असल्यामुळेच, युद्धावरून परतलेल्या अमेरिकन शिपायांना तिचं वेड लागलं. उजव्या हाताचं स्टिअरिंग असलेल्या या गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या त्या देशात दोनेक हजार गेल्या. पुढे फॉर्म्युला वनचा जगज्जेता झालेला फिल हिल सुरुवातीला टी.सी.च पळवत होता. कोब्रा गाडीचा जनक कॅरोल शेल्बीही १९५२ मध्ये पहिल्यांदा शर्यतीत उतरला तो मित्राची टी.सी. घेऊन.

ज्याच्या डोक्यातून एम.जी. निघाली त्या सेसिल किंबरला मात्र ही गाडी दिसली नाही. १९४१ मध्ये त्याला कंपनीतून जावं लागलं आणि १९४५ च्या फेब्रुवारीत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातल्या रेल्वे अपघातात तो गेला. टी.सी. त्यानंतर काही महिन्यांनी आली. मला त्या कारखान्याची आवडलेली गोष्ट आणखी वेगळीच आहे. चासींचे क्रमांक ते एकपासून सुरू करत नसत. ०२५१ पासून करत. कारण अ‍ॅबिंग्डन २५१ हा कारखान्याचा टेलिफोन नंबर होता. ज्या कारखान्यात असा विनोद चालतो तिथली माणसं कामावर खूश असणार, असं मला उगाच वाटतं.

आमच्याकडे ती मिरजेहून आली. माझे मामेसासरे तिथे डॉक्टर होते. पन्नाशीच्या दशकात त्यांनी ती मुंबईच्या एका कंपनीतल्या मायदेशी परतणाऱ्या साहेबाकडून घेतली, वीसेक वर्षं मिरज-सांगली-कोल्हापूर अशी पळवली आणि मग गुरांच्या गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी केली. “तुझ्या नवऱ्याला कळत नाही, तू घे,” असं म्हणून किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली होती. (रॅलीत अजूनही लोक गाडीविषयीचे प्रश्न माझ्या नवऱ्याला विचारतात. तो शांतपणे माझ्याकडे बोट दाखवतो.)

ती आमच्या दारात ट्रॉलीवरून उतरली तेव्हा बाहेरून गाडी होती. आत काय आहे हे उघडल्यावर कळत गेलं, आणि उघडणं म्हणजे मागच्या दुरुस्त्या एकेक करून वाचणं होतं. जमिनीच्या फळीला भोक पडलं होतं तिथे डालड्याचा डबा कापून, सपाट करून, तांब्याच्या रिव्हेटांनी बसवला होता. ताडाच्या झाडाचा हिरवा तुकडा अजून ओळखू येत होता. डिस्ट्रिब्युटर दुसऱ्याच कुठल्या इंग्लिश गाडीचा. स्टिअरिंगच्या पेटीत घातलेल्या चकत्या पितळेच्या पत्र्यातून हातानं कापलेल्या, कडा कानशीनं इतक्या स्वच्छ केलेल्या, की मिस्त्री ती चकती बोटांत फिरवत बराच वेळ बोलले नाहीत. डाव्या दाराचा खांब, ज्यावर सगळ्या दाराचं ओझं येतं, तो अ‍ॅश लाकडाचा नव्हता. आमच्या गावच्या सुतारानं नख लावून, वास घेऊन सांगितलं, धावडा आहे.

अ‍ॅश हे इंग्लंडचं लाकूड. हलकं, चिवट, वाकून परत सरळ होणारं. तिथं फावड्यांचे दांडेही त्याचेच. आपल्याकडे ते होत नाही. मग चांगल्या घरचा सुतार साग सुचवील, कारण सागाला वाळवी लागत नाही आणि तो फुगतही नाही फारसा. पण साग ताठ. धक्के खात राहिला तर स्क्रू धरलेल्या जागी चिरतो. ज्यानं धावडा निवडला तो बैलगाडीचं काम करणारा होता हे नक्की. आस, जू, कुऱ्हाडीचा दांडा, जिथे जिथे हिसका बसतो तिथे धावडा वापरायचा, हे त्याच्या हाताला माहीत होतं. समोर आलेली वस्तू इंग्लंडची स्पोर्ट्‌स कार आहे याचं दडपण न घेता त्यानं तिच्याकडे हिसके खाणारी एक गाडी म्हणून पाहिलं आणि बरोबर लाकूड निवडलं. बाकीचे खांब किडले होते. धावड्याला काही झालेलं नव्हतं.

त्या काळात दुसरा मार्गच नव्हता, हेही खरं. पन्नाशीच्या दशकात परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ बंद झाली. सुटे भाग मागवायचे तर परवान्याच्या मागे वर्ष जायचं. जी परदेशी गाडी देशात होती ती इथल्याच लेथवर, इथल्याच भट्टीत, इथल्याच सुताराच्या अंगणात जगली. आज चित्र अगदी उलटं आहे. इंग्लंड-अमेरिकेतली दुकानं टी.सी.चा जवळजवळ प्रत्येक भाग नवा करून विकतात. लाकडी सांगाडा अख्खा मिळतो, त्यावरचा पत्रा मिळतो, गेजच्या काचा मिळतात. पैसे असले आणि कस्टमची सोय असली तर कागदावर टिकमार्क करत गाडी उभी करता येईल. मग तिच्यात जुनं काय उरलं, हा वाद चहाच्या टेबलावर हवा तेवढा रंगतो. मला त्या वादात रस नाही. माझा प्रश्न साधा असतो: हा जो भाग समोर आहे, तो बसवणाऱ्यानं काय विचार करून बसवला असेल?

त्या प्रश्नाला उत्तर सापडलं तर भाग राहतो. धावड्याचा खांब राहिला. पितळी चकत्या राहिल्या. डालड्याचा डबा मी काढून, तेलपाणी करून, पुन्हा त्याच जागी लावला. त्याखाली नवी फळी आहे, म्हणजे आता तो काही धरत नाही, नुसता आहे. पण ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे आणि चाकांच्या तारा यांच्याबाबतीत मी भावनेला दारातही उभं करत नाही. एका चाकाला ४८ तारा असतात. त्यातल्या चार-सहा कुणीतरी सायकलीच्या दुकानात वळवून घेतल्या होत्या, आणि त्या कशा टिकल्या हे कोडं आहे. त्या निघाल्या. ब्रेकचे रबर निघाले, नळ्या निघाल्या. त्या करणाऱ्यानं वेळ मारून नेली होती. त्याची अडचण मी समजू शकते, पण त्याच्या तारांवर मी माझ्या नातीला बसवणार नाही.

मिस्त्रींशी माझे खटके उडतात ते इंजिनामागच्या तेलावरून. टी.सी.च्या क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबरी सील नाही. तिथे दांड्यावरच उलटा आटा कापलेला आहे. दांडा फिरत असताना तो आटा तेलाला पुन्हा आत ढकलत राहतो. कल्पना सुंदर आहे आणि इंजिन चालू असेपर्यंत कामही करते. इंजिन बंद झालं की आटा फिरायचा थांबतो, आणि जे तेल वाटेत असतं ते सावकाश खाली येतं. त्यामुळे गाडी थांबली की ठिपका हा ठरलेला. आधुनिक सील बसवायची सोय आता निघाली आहे, आणि मिस्त्रींना ती बसवायची आहे, कारण त्यांच्या गॅरेजमधून गाडी गळत बाहेर जाणं हा त्यांना स्वतःचा अपमान वाटतो. “लोकं म्हणणार, मिस्त्रीनं पॅकिंग नीट मारलं न्हाई.” मी म्हणते, मामा, ती गळायलाच हवी, तिचा जन्मच तसा आहे. ते मान हलवतात. सध्या गाडीखाली लाकडाचा भुसा भरलेला ट्रे असतो आणि हा तह दोन्ही पक्षांना नापसंत आहे.

टी.सी.ची खरी करामत कार्बोरेटरमध्ये आहे. एस.यू. जातीचे दोन कार्बोरेटर शेजारी शेजारी. प्रत्येकात एक पिस्टन हवेच्या ओढीनं वर-खाली होतो आणि त्याला जोडलेली निमुळती सुई पेट्रोलच्या जेटमधून सरकते. पिस्टन जेवढा वर, तेवढी वाट मोकळी. दोन्ही कार्बोरेटरनी सारखी हवा ओढली पाहिजे. याला मीटर मिळतात, मी एक मागवलाही होता. मिस्त्री तो बघून हसले आणि त्यांनी खिशातून हातभर रबरी नळी काढली. नळीचं एक टोक कानात, दुसरं पहिल्या कार्बोरेटरच्या तोंडाशी. सूऽऽ असा आवाज येतो. मग दुसऱ्याच्या तोंडाशी. दोन्ही सूर जुळेपर्यंत स्क्रू पाव फेरा, अर्धा फेरा. मग पिस्टन बोटानं किंचित उचलायचा. इंजिन वेग घेऊन वेगातच राहिलं तर मिश्रण दाट, आचके देऊन बंद पडायला लागलं तर पातळ, क्षणभर चढून परत खाली आलं तर ठीक. हे पुस्तकातही लिहिलेलं आहे. पुस्तकात नाही ते असं, की हे काम मिस्त्री कधी सकाळी करत नाहीत. त्यांचं गॅरेज आहे त्या उद्यमनगरात सकाळी आजूबाजूचे लेथ सुरू होतात, हातोडे पडायला लागतात. त्यात ते सूर ऐकू येत नाहीत. रविवारी दुपारी, सगळे जेवून झोपले की.

मी नळी कानाला लावून शिकले. मीटर तरीही वापरते. मीटर आणि नळी यांचं आजवर भांडण झालेलं नाही, पण मिस्त्रींना हे सांगून मीटरची बाजू जिंकत नाही, हे एव्हाना कळलं आहे.

अलीकडे मात्र सूर बिघडायला लागले, आणि त्याचं मूळ पंपावर सापडलं. पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण देशात २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर गेलं. टी.सी.ला हलक्या पेट्रोलचं वावडं नाही. ती युद्धानंतरच्या टंचाईतल्या बेचव पेट्रोलवर वाढलेली. तिच्या इंजिनातला दाबही सातपटीच्या जरासाच वर. शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं तेही तिनं पचवलं. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, जुनं रबर फुगवतं, आणि टाकीला आतून लावलेला जुना लेप विरघळवून त्याची पापडी पुढे पाठवतं. ही गाडी महिना महिना उभी असते. टाकीतलं पाणी खाली बसतं, पत्रा गंजतो, आणि मग ती पापडी आणि तो गंज सुईच्या जागेत येऊन अडकतो. शिवाय इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच जेटवर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. उपाय आहेत: इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या आणि पडदे, जेट थोडं खाली उतरवणं, आणि गाडी उभी करायची असेल तेव्हा टाकी रिकामी करणं. सगळे केले. तक्रार करायची तर कुणाकडे? ते इथेनॉल ज्या कारखान्यात होतं त्याच कारखान्याला आमचा ऊस जातो.

तिच्या पेट्रोल पंपाबद्दलही सांगायला हवं, कारण गाडी चालू करताना पहिला आवाज त्याचा येतो. किल्ली फिरवली की पंप टकटक करत राहतो, कार्बोरेटरची भांडी भरली की गप्प बसतो. टकटक थांबलीच नाही तर कुठेतरी गळतंय किंवा टाकी कोरडी आहे. सुरूच झाली नाही तर पंपाला पान्याच्या मागच्या टोकानं एक हलकी थाप. आतले पॉइंट चिकटलेले असतात, ते सुटतात. इंजिनात कुठे काय बिघडलंय हे कुठल्याही दिव्याशिवाय, पडद्याशिवाय कळावं, अशा पद्धतीनं ही गाडी बांधलेली आहे, आणि तिच्यावर वेळ घालवण्याचं मला मिळालेलं सगळ्यात मोठं सुख हेच आहे. बिघाड लपत नाही. हात पोहोचतो, डोळा पोहोचतो.

२०२१ मध्ये केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी ‘व्हीए’ अक्षरांच्या क्रमांकावर नोंदवता येते. फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला ती काढायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठी रस्त्यावर आणायची. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल झालेले नकोत, अशी अट. नियम एकंदरीत शहाणपणाचा आहे, आणि दुरुस्तीला नेता येईल असं त्यात लिहिणाऱ्या बाबूला ही गाडी माहीत असावी.

माझी कुरबुर आहे ती रॅलीतल्या परीक्षकांशी. एका रॅलीत आमच्या गाडीचे गुण कापले गेले ते धावड्यामुळे; लाकूड मूळ नाही, असा शेरा. शेजारच्या गाडीला बक्षीस मिळालं, तिचा सगळा सांगाडा परदेशातून नवा आणलेला होता. अ‍ॅशचा. मला बक्षिसाचं फार वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते एवढ्याचं, की दोन्ही फलकांवर मालकाचं नाव, गाडीचं साल, इंजिनाची ताकद, पूर्वीच्या मालकाची खानदानी हकीकत, सगळं होतं आणि गाडी चालती ठेवणाऱ्या माणसाचं नाव कुठल्याच फलकावर नव्हतं. कोल्हापुरात दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना माणूस मावत नाही. लोक गाडी बघतात, छत्रपतींना मुजरा करतात. इतक्या जुन्या जर्मन गाडीचं इंजिन त्या दिवशी न अडखळता चालावं म्हणून वर्षभर कुणी काय केलं, हे त्या गर्दीत कुणी कुणाला विचारताना मी ऐकलेलं नाही.

त्या रॅलीनंतर मी आमच्या फलकाखाली मिस्त्रींचं नाव लिहिलं. त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, “आडनाव चुकलंय.”

आता लोक म्हणतात, असे हात राहिले नाहीत. ही हळहळ मला अर्धीच पटते. मिस्त्रींचा मुलगा लेथवर बसत नाही, तो सी.एन.सी. चालवतो, मोटार कंपन्यांना भाग पुरवतो. आठचे बोल्ट संपत आले तेव्हा मी त्याच्याकडे गेले. त्यानं विचारलं, पिच किती? मी म्हणाले, एक. डोकं? व्हिटवर्थ, आणि मिलिमीटरमध्ये माप लिहून दिलं. त्यानं ते यंत्रात भरलं, आणि चहा येईपर्यंत ट्रेमध्ये पहिले बोल्ट पडलेसुद्धा. वडिलांना एकेक कापायला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात त्यानं मूठभर केले, आणि सगळे एकसारखे. थोडे करणं परवडत नाही म्हणून त्यानं अख्खी पेटी केली. आता पुण्या-मुंबईच्या टी.सी.वाल्यांना मी ते पोस्टानं पाठवते. हात गेला म्हणून काही अडलं नाही. अडलं असतं ते ‘एक’ हा आकडा सांगणारं कुणी नसतं तर. त्याच्या यंत्राला आठचा बोल्ट म्हणून सांगितलं असतं तर त्यानं तितक्याच सफाईनं, तितक्याच वेगानं सव्वा पिचचे शंभर बोल्ट काढून दिले असते.

म्हणून मी वही करते. साधी, दोनशे पानी. डाव्या पानावर गाडीचा भाग, उजव्या पानावर त्याचं काय झालं. टॅपेटचं अंतर, इंजिन गरम असताना, १९ थाऊ, म्हणजे इंचाचे १९ हजारांश. तेलाचा पंप उघडला तर बंद करण्याआधी त्यात तेल ओतायचं, नाहीतर तो तेल उचलत नाही. बॅटरीची धन बाजू चासीला आहे, उलटी लावू नका, असं लाल शाईत. मागच्या दोन भोकांत इंची बोल्ट आहेत. डाव्या दाराचा खांब धावड्याचा, करणारा अज्ञात, बदलू नका. पावसाळ्यात फुगतो, दार घट्ट होईल, रंधा मारू नका, दिवाळीपर्यंत थांबा. मिस्त्रींनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण ‘हळू हातानं ताणायचं, करकर केलं की सोडायचं’ याचं न्यूटन-मीटरमध्ये भाषांतर मला तरी जमलेलं नाही. धावडा बसवणाऱ्यानं अशी चार ओळींची चिठ्ठी दाराच्या आत चिकटवली असती तर आज त्याचंही नाव फलकावर असतं.

गेल्या काही वर्षांत तीच अष्टकोनी एम.जी.ची खूण रस्त्यावर पुन्हा दिसायला लागली आहे. ती खूण आता चिनी मालकीची, इथल्या गाड्या गुजरातमध्ये हालोलला होतात, २०१९ पासून. सिग्नलला शेजारच्या इलेक्ट्रिक एम.जी.मधला मुलगा खाली वाकून आमच्याकडे बघतो आणि विचारतो, ही चार्ज कशी करता? त्या गाड्या चांगल्या आहेत. पण पन्नास वर्षांनी त्या दुरुस्त करायला कुणी बसला तर त्याला बोल्टाच्या पिचबरोबर संगणकाचा प्रोग्रॅमही लागेल, आणि तो त्याला कुणी देईल का, हा प्रश्न त्यांच्या मालकांनी आत्ताच कंपनीला विचारून ठेवावा.

तुमच्याकडे जुनं काही चालतं असेल, मग ती एम.जी. असण्याची गरज नाही, लॅम्ब्रेटा असो, पद्मिनी असो, वडिलांचा ट्रॅक्टर असो, तर एक वही करा. तारीख घाला, कुठला भाग, काय माप, कुठून आणला, का बदलला. बसवणाऱ्याचं नाव नुसतं मामा किंवा मिस्त्री असं लिहू नका. पूर्ण लिहा, आणि आडनाव त्यांना विचारून घ्या. गाडी विकाल त्या दिवशी ती वही आठवण म्हणून स्वतःजवळ ठेवून घेऊ नका. किल्लीबरोबर देऊन टाका.